भिंगमामाची वाकडी मोहर

आमचा भिंगमामा माणसाकडे आधी भिंगातून बघायचा आणि पटलं तर मग नुसत्या डोळ्यांनी. माझ्या लग्नात सासऱ्यांशी त्याची ओळख करून दिली, तर त्यानं त्यांचा हात हातात धरून ठेवला, कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि त्यांची अंगठी न्याहाळून जाहीर केलं, "कमळाची डावी पाकळी बसलीय. साचा झिजलेला होता." सासऱ्यांनी ती अंगठी पुन्हा कधी घातली नाही. बायको 'तुमच्याकडची माणसं' असं म्हणून वाक्य अर्धवट सोडते, तेव्हा उरलेलं अर्धं मला पाठ असतं.

मामा डाय करायचा. वाणगावच्या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. दागिन्याची नक्षी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरायची, त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबला की पलीकडे पान, फूल, मोर सुलटा उठतो. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. आमच्या आजोळी ओट्याओट्यावर पुरुष मांडी घालून छिन्नी-हातोडी घेऊन बसलेले असत. मामाचा ओटा शेवटचा. तिथं रेडिओ नसे, चहाही बाजूला ठेवूनच प्यायचा. एखादा व्यापारी "मामा, जरा लवकर हवं होतं" म्हणाला, की मामा मान वर न करता म्हणायचा, "घाई असेल तर उद्या या." तो उद्या आला तरी हेच उत्तर मिळे.

त्याचा एक सिद्धांत होता. काम बघून माणूस ओळखता येतो. मध्यावर नसलेली नक्षी करणारा माणूस घरीही मध्यावर नसतो, असं तो गंभीरपणे सांगे. मी तहसील कचेरीत कारकून लागलो तेव्हा त्यानं माझ्या एका टिपणीवरचा शिक्का भिंगातून पाहिला होता. शिक्का तिरका होता. त्या दिवसापासून मी 'साहेब' झालो. "साहेब आले का? बघा रे, सरळ चालतायत का."

अशा माणसाच्या ओट्यावर दोन हजार पंधराच्या दिवाळीनंतर शांतू मावशी एक पितळी करंडा घेऊन आली.

शांतू मावशी म्हणजे मामाची धाकटी बहीण, तलासरीकडं वेवजीला दिलेली. नवरा, म्हणजे आमचे काका, गेल्यावर दिराच्या घरातल्या एका खोलीत राहायची. दीर वाईट नव्हता. पण चूल दुसऱ्याची, ओटा दुसऱ्याचा, पाहुणा आला तरी आधी दिराच्या बायकोकडं बघायचं. मावशीनं मनाशी ठरवून टाकलं होतं, गिरण घालायची. भात कांडायची आणि पिठाची, दोन्ही. तिच्या पाड्यावरच्या बायका डोक्यावर डबा घेऊन एक तर तलासरीच्या रस्त्याला लागत, नाही तर हद्द ओलांडून गुजरातेत जात. संजाणला एकजण आपली चालती गिरण विकायला काढत होता. इसार दिला तर तो ती थांबवून ठेवायला तयार होता.

"माझं दार पाहिजे मला, दादा," मावशी म्हणाली. "नि त्या दारात माझी गिरण. मला कुणी आयतं नको घालायला."

करंड्यात तिच्या सासूनं शेवटच्या आजारात तिच्या ओंजळीत दिलेली पाच सोन्याची नाणी होती. तीन गिन्न्या, राणी-राजाच्या मुंडक्याच्या, आणि दोन जुन्या मोहरा, फारसी अक्षरांच्या. डहाणूतल्या एका सोनारानं ती तराजूत टाकून, घट वजा करून आकडा सांगितला होता. त्या आकड्यात गिरणीचा पट्टासुद्धा बसला नसता, असं मावशीचं म्हणणं.

मामा चिडला. "वजनावर विकायला ही काय वांगी आहेत?" तो म्हणाला. "त्यानं सोन्याला भाव विचारला. नाण्याला कुणी काही विचारलंच नाही." आणि पासष्टी ओलांडलेल्या त्या माणसानं त्याच दुपारी ठरवलं की जुनी नाणी ओळखायला शिकायचं.

माझीही नेमणूक झाली. मी शिकलेला, मोबाइलवाला. मी रात्रभर माहिती गोळा करून सकाळी सांगितलं की एका माणसाला एका नाण्याचे कोट्यवधी मिळाले, असा निरोप आमच्या कचेरीच्या ग्रुपवर आलाय. मनात मी तोवर मावशीचा बंगला बांधून वरच्या मजल्यावर स्वतःला एक खोलीही देऊन टाकली होती. मामानं विचारलं, "त्या माणसाचं नाव काय? नाणं कुठलं? घेतलं कुणी?" निरोपात देवीचं चित्र आणि 'दहा जणांना पाठवा' एवढंच होतं. "मग पाठव दहा जणांना," मामा म्हणाला, "आणि मला वाचनालयातून पुस्तक आण."

पुस्तकं मी आणली आणि तो चिकाटीनं वाचत राहिला. प्रत्येक नाणं नाजूक काट्यावर तोललं. कडा बघितल्या. गिन्नीवरचा घोडेस्वार इतका न्याहाळला की घोड्याच्या नालेबद्दलही त्याचं मत तयार झालं. एका गिन्नीच्या माथ्यावर कडी जोडून पुन्हा काढल्याची खूण होती. "ही गळ्यात होती. हिला आता सोन्याचाच भाव," हे त्यानं पुस्तकाच्या आधी ओळखलं. कुणी सोनार कसोटीवर घासायला लागला की तो नाणं हिसकावून घेई. डहाणूच्या पेठेत आम्हाला येताना बघून दुकानदार कसोटीचा दगड खाली ठेवून देत.

मग दोन मोहरांची पाळी आली.

पहिली देखणी. गोल, गुळगुळीत, अक्षरं मध्यावर, भोवती ठिपक्यांचं कडं पूर्ण. दुसरी मात्र कशीतरीच होती. जाडजूड, एका बाजूला फुगलेली. अक्षरं एका अंगाला सरकलेली, अर्धी तर काठाबाहेर गेलेली. मामानं ती भिंगाखाली धरली आणि त्याचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याच्या ओट्यावर पान खाऊन थुंकलंय.

"नकली," तो म्हणाला.

"सोनं आहे ना?" मावशी म्हणाली.

"सोनं आहे. मोहर नाही. अगं, बादशहाचं नाव कुणी काठाबाहेर मारील? मान उडवली असती त्याची. हे कुणीतरी शिकाऊ पोरानं केलंय." मग देखणी मोहर उचलून त्याचा आवाज मऊ झाला. "ही बघ. हिच्यामागं माणूस बसलेला दिसतो."

मावशीला काही ते पटलं नाही. "आमच्या सासूबाई दिवाळीला आधी वाकडीलाच कुंकू लावायच्या," ती पुटपुटली. पण दादानं भिंग लावून सांगितलेलं. निर्णय झाला. वाकडी मोहर मावशीनं तलासरीच्या गुजराती सराफ शेठना मोड म्हणून, वितळवायच्या सोन्याच्या भावात, द्यायची आणि त्यातून संजाणवाल्याला इसार. देखणी मोहर आणि गिन्न्या घेऊन मामा नि मी मुंबईला जाणार. निघताना मी पाचही नाण्यांचे फोटो काढून घेतले. प्रत्येक फोटोत माझा अंगठा आहे.

फोर्टात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नाण्यांचे एक व्यापारी बसत. वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जमिनीत सापडलीत का? तसं असेल तर आधी सरकारला कळवावं लागतं."

"बहिणीच्या सासूची आहेत," मामा म्हणाला. "देवघरातली. दर दिवाळीला रिठ्यानं स्वच्छ धुतलेली." हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

व्यापाऱ्यांनी क्षणभर डोळे मिटले. "यापुढं धुऊ नका," ते म्हणाले. त्यांनी गिन्न्या बाजूला ठेवल्या. साध्या आहेत, सोन्यापेक्षा किंचित जास्त येतील. मग देखणी मोहर हातात घेतली, उलटीपालटी केली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "ही कुणा सोनारानं केलीय. दागिन्यासाठी, पूजेसाठी अशा करत असत. सोनं चांगलं आहे. मोहर नाही."

मामा हसला. मी घाबरलो, कारण मामा हसायचा नाही.

"एवढं काम बघूनसुद्धा?"

"काम बघूनच. मामा, टांकसाळीत दागिने होत नव्हते, फौजेचे पगार होत होते. ठसा मोठा, चकती लहान. एकजण चकती ठेवणार, दुसरा घण मारणार, की पुढची. अक्षरं मध्यावर आली का हे बघायला वेळ कुणाला? खरी मोहर बरेचदा अर्धवटच असते. ही इतकी पुरी आहे, तिथंच ती पकडली जाते."

मीच खिशातून मोबाइल काढून वाकडीचा फोटो पुढं केला. व्यापाऱ्यांनी तो मोठा करून पाहिला, माझा अंगठा ओलांडून पाहिला. वर्ष पुरतं वाचता येत होतं, टांकसाळीचं नाव अर्धं. ते अर्धं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"या टांकसाळीच्या कमी मिळतात," ते म्हणाले. "ही कुठं आहे?"

ती त्या वेळी तलासरीच्या शेठच्या तिजोरीत होती, किंवा मुशीत.

मी मावशीला फोन लावायला सुरुवात केली. वेवजीत मोबाइलला गुजरातचा टॉवर पकडायची खोड. तो पकडला की मावशीला वाटे, फोन घेतला तरी पैसे कापले जातात, म्हणून ती बटण दाबून तो बंद करी आणि तांदळाच्या डब्यात ठेवी. मी तांदळाच्या डब्याला दहा वेळा फोन केला. मामा तोवर जिना उतरून रस्त्यावर पोचला होता.

डहाणूला उतरून रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "तिची गिरण गेली तर ती माझ्या भिंगामुळं गेली." आणि भिंग कपाळावरून काढून खिशात टाकलं. त्याचं कपाळ असं उघडं मी प्रथमच पाहिलं. पट्ट्याचा पांढरा वळ होता.

शेठच्या दुकानात आम्ही शिरलो तेव्हा मावशी तिथंच, दारालगतच्या बाकावर. इसार देऊन परतताना गाडीची वाट बघत बसलेली.

"आवो आवो, मामा. बेसो ने," शेठ म्हणाले. "शांताबेनचं काम सकाळीच झालं."

मी रिक्षात मनातल्या मनात एक भाषण तयार केलं होतं. सासूबाईंची आठवण, म्हाताऱ्या बहिणीच्या भावना, वगैरे. वाकडी मोहर हळूच परत मागायची, कारण सांगायचं नाही. मी घसा साफ केला. पण मामा पुढं झाला.

"शेठ, ती मोहर वितळवलीत?"

"नाय. मोड गोळा झाल्यावर एकदम."

"मग ऐका. ती नकली आहे असं मी बहिणीला सांगितलं. मी चुकलो. ती खरी आहे आणि सोन्याच्या कितीतरी वर तिचा भाव आहे. तुम्ही पैसे मोजून घेतलीत, ती तुमची आहे. परत दिलीत तर उपकार. नाही दिलीत तर तुमचा हक्क."

मी मामाला मागून चिमटा काढला. जोरात काढला. शेठ डोळे बारीक करून बघत होते. एवढा भाव सांगून कुणी वस्तू परत मागायला येतं का? मावशी उठून उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता की दादाबद्दलचं कौतुक, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"मामा," शेठ म्हणाले, "तमे खोटं बोलला असता ना, तर मला सोपं झालं असतं. लगेच नाय म्हटलं असतं."

मामानं रुमालातून देखणी मोहर काढून गादीवर ठेवली. "वजन सारखंच आहे. हिचं सोनं तिच्यापेक्षा चांगलंच असेल. ही घ्या, ती द्या."

शेठनी देखणी तोलली, पाहिली आणि बघतच राहिले. कुणीही बघत राहावं अशीच ती होती. "असा पीस गिऱ्हाईक हातातून सोडणार नाय," ते म्हणाले. "एक काम करो. वाकडी घेऊन जा. पण मला याची डाय करून द्यायची. हाताची. कंप्यूटरवाली नको."

असा तो सौदा झाला. बाहेर आल्यावर मावशीनं मोहर पदरात बांधली आणि इतकंच म्हणाली, "दादा, माझ्या सासूला अक्षर येत नव्हतं. तरी तिला कळत होतं." मामानं मान डोलावली.

वाकडी मोहर आम्ही लगेच विकली नाही. पहिल्या व्यापाऱ्यानं भाव सांगितला, तरी मामा म्हणाला, तिघांना विचारायचं. एका चुकीनं त्याचा उत्साह मेला नव्हता, उलट आता तो न्याहाळण्याआधी विचारायला शिकला होता. तिघांचे तीन भाव आले. तिसऱ्यानं लिलावात ठेवायचा सल्ला दिला. मावशीचं ओळखपत्र, नाणं घरातलं असल्याचं तिच्या अंगठ्यानिशी लिहून दिलेलं, असं सगळं झालं आणि काही महिन्यांनी मोहर गेली. माझा बंगला काही त्यात आला नाही. पण संजाणची गिरण, मोटर, तीन फेजचं कनेक्शन आणि रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड आली. शेडला दार होतं. आतून लावता येणारं आणि बाहेरून कुलूप घालता येणारं. मावशीनं उद्घाटनाला नारळ गिरणीऐवजी दारासमोर फोडला.

मामाची डाय मात्र अडली होती. वाणगावात तोवर संगणकाची यंत्रं आली होती, हाताचं काम कमी झालं होतं आणि मामाची नजरही मंदावली होती. तरी त्यानं ती देखणी मोहर उलटी, अक्षर न अक्षर पोलादात उतरवली. शेठचा माणूस दोनदा येऊन 'उद्या या' घेऊन गेला. शेवटी मामा स्वतःच डाय घेऊन तलासरीला गेला. मी सोबत होतो, पिशवी धरायला.

शेठनी ठसा उठवून पाहिला. सगळं जिथल्या तिथं. फक्त खाली, अक्षरांच्या मध्ये, चिकूचं एक पान.

"मामा, हे सूं? मूळ पीसमध्ये पान नाय."

"नाहीच. कुठल्याच बादशहाच्या नाण्यावर चिकूचं पान नाही. म्हणूनच घातलंय," मामा म्हणाला. "त्या सोनारानं इतकं बेमालूम काम केलं की माझ्यासारखा शहाणा फसला. माझ्या कामाला भुलून पुढं कुणाची बहीण खरी मोहर मोडायला दुकानात जाऊन बसायला नको."

शेठ थोडे कुरकुरले. पण पानाची लॉकेटं आमच्या भागात अशी खपली की लोक आता त्याला 'चिकूमोहर' म्हणतात. लग्नात एखाद्या पोरीच्या गळ्यात ती दिसली की मी बायकोला सांगायला जातो, आणि बायको म्हणते, "दुसऱ्याच्या गळ्याकडं काय बघताय?" घराण्याची सवय, दुसरं काय.

ती त्याची शेवटची डाय. पुढची तीन वर्षं मामाचा मुक्काम अधूनमधून वेवजीलाच असे. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज ऐकत तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. पीठ चिमटीत घेऊन "जाडं पडतंय, शांते" म्हणायचा. "तुला दळायचंय का? ऊठ मग," असं मावशी आतून ओरडायची. दोघांना याच्याहून जास्त बोलताना मी ऐकलं नाही.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात मामा वाणगावला, आपल्या घरी, सकाळी वारला. मी वेवजीला स्वतः निरोप द्यायला गेलो. शेडसमोर पाड्यावरच्या बायकांची रांग होती, डबे, टोपल्या, लांबून चालत आलेल्या. मी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं. ती पट्ट्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बस जरा. ह्यांचं करून येते."

"मावशी, अगं..."

"बस म्हटलं ना. त्यांच्या घरी चुली थांबल्यात."

तिनं एकेकीचं दळलं. कुणालाही कारण सांगितलं नाही, कुणाचंही घाईनं केलं नाही. शेवटचा डबा गेल्यावर मोटर बंद केली, दार लावलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि तशीच, भुवयांत पीठ घेऊन, माझ्या मागं स्कूटरवर बसली.

आम्ही पोचलो तेव्हा तिच्यासाठीच सगळे थांबले होते. कुणीतरी मागून कुजबुजलं की सख्खा भाऊ गेला आणि हिला गिरण सुचली. मावशीनं ऐकलं. ती मामाजवळ जाऊन बसली, त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि कुजबुजणाऱ्यांकडं न बघता त्यालाच सांगितलं, "सगळ्यांचं झालं, दादा. कुणाला परत नाही पाठवलं."

हात उचलला तेव्हा त्याच्या निळ्या सदऱ्यावर पिठाची पाच बोटं उमटली होती. मामाचा मुलगा सवयीनं झटकायला पुढं झाला, मग थांबला. तसाच नेला आम्ही त्याला.